धाकट्या बहिणीची पहिली गाडी: शोधापासून आरसी हाती येईपर्यंत

माझी धाकटी बहीण घरापासून 26 किलोमीटरवरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. वाटेत एक लहान घाट आहे आणि पावसाळ्यात त्या रस्त्यावर डोंगरातून माती वाहून येते. 24 जून 2025 रोजी, शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला असताना, तिची स्कूटर त्याच मातीवरून घसरली. गुडघा सोलवटला, मनगट मुरगळले, हाड मात्र शाबूत राहिले. त्या रात्री तिच्या घरून परतताना मी मनाशी ठरवले की येत्या भाऊबीजेला तिला चारचाकी द्यायची. नवी गाडी माझ्या ऐपतीत नव्हती. एक आवर्ती ठेव ऑगस्टमध्ये मुदत पूर्ण करणार होती, तिच्यात आणखी थोडी भर घातली असती तर पावणेचार लाख रुपये उभे राहत होते. कर्ज घ्यायचे नाही, हे बायकोशी बोलून आधीच ठरवून टाकले होते, कारण जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा बराच जास्त असतो आणि भेटीचा हप्ता चार वर्षे फेडत बसणे आम्हा दोघांनाही पटत नव्हते.

जुनी गाडी घेण्याचा मला काडीचाही अनुभव नव्हता. जुलैचा संपूर्ण महिना मी केवळ वाचण्यात आणि विचारण्यात घालवला, आणि आता मागे पाहताना तो महिना सर्वांत उपयोगी ठरला असे वाटते. आमच्या ओळखीचे एक गॅरेजवाले मेस्त्री आहेत, त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, “पावणेचार लाख आहेत ना, मग सव्वातीन ते तीन चाळीसपर्यंतचीच गाडी बघा. जुनी गाडी घरी आली की पहिल्या महिन्यात पैसे मागतेच.” त्यांचा हा हिशेब पुढे जवळजवळ हजाराच्या फरकाने खरा ठरला.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची होती. ज्या व्यक्तीने आयुष्यात कधी स्वतःची गाडी चालवलेली नाही, तिच्या हाती घाटात द्यायची गाडी केवळ स्वस्त असून चालत नाही. वाचताना लक्षात आले की आपल्याकडे एप्रिल 2019 पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि 1 जुलै 2019 पासून चालकाच्या बाजूची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारा गजर, वेगमर्यादेची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. त्यामुळे जुलै 2019 नंतर तयार झालेली गाडी, मग ती कितीही साध्या मॉडेलची असो, या किमान गोष्टी घेऊनच येते. त्याआधीच्या गाड्यांमध्ये त्या असतीलच असे नाही, मॉडेलच्या वरच्या श्रेणीत शोधाव्या लागतात. मी हीच तारीख माझी रेषा म्हणून पक्की केली. तिचा आणखी एक फायदा नंतर कळला. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवून घेणे आवश्यक होते, चारचाकीसाठी तिचे शुल्क कर वगळून 745 रुपये होते, आणि ती पाटी नसेल तर नाव बदलण्याचे कामही अडत होते. त्यानंतरच्या गाड्या ही पाटी घेऊनच शोरूममधून निघालेल्या असल्यामुळे तो फेराच वाचत होता.

माझी मूळ कल्पना अशी होती की गाडी गुपचूप घ्यायची आणि भाऊबीजेच्या दिवशी तिच्या दारात उभी करायची. दोन कारणांनी ही कल्पना सोडून द्यावी लागली, आणि जे कोणी अशी भेट देण्याचा विचार करत असतील त्यांनी ती कारणे आधीच लक्षात घ्यावीत असे मला मनापासून वाटते.

पहिले कारण कागदांचे. गाडी थेट तिच्या नावावर करायची तर खरेदीदार तीच असते. नाव हस्तांतरणाच्या नमुना 30 वर तिची सही लागते, तिच्या पत्त्याचा पुरावा, पॅन आणि छायाचित्र लागते, आणि ऑनलाइन अर्ज करताना ओटीपी तिच्याच मोबाइलवर येतो. हे टाळण्यासाठी आधी माझ्या नावावर घेऊन मग तिला द्यायची असे म्हटले, तर तीच प्रक्रिया, तेच शुल्क आणि तोच विम्याचा बदल दोनदा करावा लागतो. शिवाय आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा, मालकांचा क्रमांक एकाने वाढतो. एका मालकाची गाडी तिच्याकडे दुसऱ्या मालकाची म्हणून जाण्याऐवजी तिसऱ्या मालकाची म्हणून जाते, आणि उद्या तिला ती विकावी लागली तर तेवढी किंमत कमी येते. घरातल्या घरात दिलेली गाडी असली तरी नोंदीत तो एक मालक मोजलाच जातो.

दुसरे कारण मला 3 ऑगस्टच्या रविवारी एका गाडीत बसल्यावर उमगले. गाडी उत्तम होती, पण माझी बहीण पाच फूट उंचीची आहे. मी सीट पुढे ओढून ती तिथे बसल्याची कल्पना करू लागलो आणि मला काहीच ठरवता येईना. तिचा पाय क्लच पूर्ण दाबू शकेल का, स्टिअरिंगवरून तिला बॉनेटची कड दिसेल का, हे मी तिच्या वतीने कसे सांगणार? कपड्यांचे माप अंदाजाने घेता येते, चालकाच्या सीटचे येत नाही.

म्हणून 9 ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, राखी बांधून झाल्यावर मी तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, एवढे पैसे नको रे घालूस. मी सावकाश जाते ना स्कूटरवरून.” तिची समजूत घालायला आईला पुढे यावे लागले. शेवटी तिने दोन अटी घातल्या. पेट्रोल आणि देखभाल तिची, आणि गाडी निवडताना शेवटचा शब्दही तिचा. दोन्ही अटी मी आनंदाने मान्य केल्या. तिच्याकडे वाहन परवाना होता, तो तिने गेल्या वर्षी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून काढला होता, परंतु त्यानंतर तिने स्टिअरिंगला हातही लावला नव्हता.

वॅगन आर, सेलेरियो, ग्रँड आय10 आणि टियागो या चार मॉडेल्सपुरता शोध मर्यादित केला. निकष असा की सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळायला हवेत आणि कोणत्याही मेस्त्रीला गाडी उघडता यायला हवी. सर्व पेट्रोलच्या, सर्व साध्या गिअरच्या. क्लचविना चालणाऱ्या गाड्या नवशिक्याला सोप्या जातात हे खरे आहे, पण ती साध्या गिअरवर शिकली होती आणि तशा गाड्या आमच्या रकमेत जास्त चाललेल्याच मिळत होत्या. आणखी एक मर्यादा मी जाणीवपूर्वक घातली. आमच्याच आरटीओच्या हद्दीत नोंदलेली गाडी बघायची. दुसऱ्या कार्यालयाकडची, त्यातही दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त दिसते, परंतु मग ना हरकत प्रमाणपत्र आणि, परराज्यातली असेल तर, रस्ता कर पुन्हा भरण्याचा प्रश्न उभा राहतो. पहिल्याच खरेदीत ते ओझे मला नको होते.

ऑगस्टच्या मध्यापासून 14 सप्टेंबरपर्यंत आम्ही एकूण सात गाड्या पाहिल्या. सगळ्यांविषयी लिहीत नाही, दोनविषयी मात्र लिहिले पाहिजे.

एका विक्रेत्याकडची गाडी दिसायला नव्यासारखी होती आणि काटा 41,000 किलोमीटर दाखवत होता. मी त्यांच्याकडे सर्व्हिस हिस्टरी मागितली तेव्हा ती “सापडत नाही” असे उत्तर मिळाले. आरसीवरच्या मालकाची परवानगी घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चौकशी केली, तर 2023 मधल्या शेवटच्या सर्व्हिसच्या नोंदीतच काटा 58,000 च्या पुढे गेलेला होता. आम्ही काही न बोलता निघून आलो. त्यानंतर प्रत्येक गाडीबाबत मी आधी सर्व्हिसची नोंद पाहू लागलो आणि मग गाडी. प्रत्येक सर्व्हिसची नोंद नसली तरी चालेल, पण तारखा आणि किलोमीटर एका दिशेने वाढत जायला हवेत. विक्रेत्यांबाबत अजून एक गोष्ट सांगतो. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेणे नियमाने आवश्यक झाले आहे, आणि मालकाने गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर द्यावी लागते. ते अधिकारपत्र दाखवा असे शांतपणे म्हटले की समोरच्याच्या उत्तरावरून बरेच काही समजते.

दुसरी गाडी एका निवृत्त गृहस्थांची होती आणि ती आठवली की अजूनही वाईट वाटते. आमचा भाग कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये इथे जो महापूर आला, त्यात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि त्यांतल्या काही स्वच्छ करून पुन्हा बाजारात आल्या असणार ही भीती जुनी गाडी पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असते. मेस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे मी सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढला. नेहमी गुंडाळलेला राहणारा शेवटचा वीतभर पट्टा तांबूस होता आणि त्यावर मातीची सरळ रेषा होती. मग सीटच्या खालचे रुळ पाहिले, तिथे गंज होता. डिकीतली स्टेपनी उचलली, तिच्या खोबणीत वाळलेला बारीक गाळ होता. त्या गृहस्थांनी गाडी 2022 मध्ये दुसऱ्याकडून घेतलेली होती आणि त्यांना यातले काहीही ठाऊक नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट कळत होते. त्यांनीही पट्टा हातात घेऊन पाहिला आणि खुर्चीवर बसून राहिले. त्यांच्या पत्नीने आम्हाला चहा दिल्याशिवाय सोडले नाही. पाण्यात गेलेली गाडी आज चालते, पण तिच्या वायरिंगचे जोड आतून गंजत राहतात आणि ती कधी बंद पडेल हे कोणी सांगू शकत नाही. घाटात एकटी जाणारी बहीण डोळ्यांसमोर असताना तो धोका पत्करणे शक्य नव्हते.

8 सप्टेंबरपासून पितृपक्ष सुरू झाला. आपल्याकडे या पंधरवड्यात वाहनखरेदी टाळतात, त्यामुळे बाजार अगदी शांत होता. त्यातच 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने लहान गाड्यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय जाहीर केला होता आणि तो 22 सप्टेंबरपासून लागू होणार होता. नव्या गाड्या स्वस्त होणार म्हटल्यावर जुन्या गाड्यांचे मालकही भावात नरमले. हे आमच्या हिशेबात नव्हते, योगायोगाने जुळून आले.

14 सप्टेंबरच्या रविवारी पाहिलेली सातवी गाडी म्हणजे सप्टेंबर 2019 मध्ये नोंदलेली, एकाच मालकाची, 46,000 किलोमीटर चाललेली सेलेरियो. मालक बँकेतले कर्मचारी, बदली झाल्यामुळे विकत होते. मी आदल्या दिवशीच त्यांना फोन करून विनंती केली होती की आम्ही येण्याआधी इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन पहिल्या चावीला कसे उठते, सायलेन्सरमधून निळसर किंवा दाट पांढरा धूर येतो का, हे गरम इंजिनवर कळत नाही. ते नीट सुरू झाले. चेसिसचा 17 अक्षरांचा क्रमांक आम्ही आरसीशी एकेक अक्षर लावून पाहिला. टायरवरचे शेवटचे चार आकडे 2919 होते, म्हणजे 2019 सालचा 29 वा आठवडा. चारही चाकांवर आणि स्टेपनीवर आसपासचेच आकडे असल्याने टायर मूळचे आणि गाडीचे चालणेही काट्याशी सुसंगत वाटत होते. अर्थात सहा वर्षे झालेले टायर बदलावेच लागणार होते, आणि ती रक्कम मी बोलणीत मांडली. दारांचे रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहिले, बॉनेटच्या बोल्टचा रंग पाहिला, त्यांना कधी पाना लागलेला नव्हता. डाव्या मागच्या दाराला पुन्हा रंग दिलेला होता, आणि मालकांनी तो आम्ही विचारण्याआधीच सांगितला. या एका गोष्टीने माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मग बहीण चालकाच्या सीटवर बसली. तिने सीट पुढे घेतली, क्लच दाबला, आरसे लावले आणि म्हणाली, “इथून मला दिसतंय सगळं.” आधीच्या सहा गाड्यांमध्ये तिने हे वाक्य एकदाही उच्चारले नव्हते. मालकांनी मोकळ्या रस्त्यावर तिला गाडी चालवू दिली. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कुरकुरली नाही, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर स्टिअरिंग सैल सोडल्यावर एका बाजूला ओढली नाही. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी ती लिफ्टवर घेऊन खालून तपासली आणि वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून त्रुटींच्या नोंदी पाहिल्या. बॅटरी संपत आलेली आहे, बाकी काळजीचे कारण नाही, असा निष्कर्ष निघाला.

मागणी 3,65,000 रुपये होती. टायर, बॅटरी आणि बाजाराची स्थिती यांचा शांतपणे उल्लेख करत 3,38,000 वर व्यवहार ठरला. टोकन म्हणून 10,000 रुपये बँकेतून पाठवले आणि साध्या कागदावर पावती घेतली. त्यात गाडीचा क्रमांक, ठरलेली एकूण रक्कम, बोजा (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरवण्याची जबाबदारी कोणाची आणि व्यवहार न झाल्यास टोकन परत मिळेल, हे सारे लिहून दोघांनी सह्या केल्या.

बोजाचा उल्लेख करण्याचे कारण असे की सरकारच्या वाहन पोर्टलवर गाडीची माहिती पाहताना आरसीवर अजूनही बँकेचे नाव दिसत होते. मालकांनी कर्ज 2024 मध्येच फेडले होते, बँकेचे ना हरकत पत्रही घेतले होते, परंतु ते कपाटात तसेच राहिले. अशा पत्राला साधारण तीन महिन्यांची मुदत असते आणि ती उलटून गेली होती. नवे पत्र आणि बोजा उतरवण्यासाठीचा सही-शिक्क्याचा नमुना 35 मिळायला 11 दिवस लागले, 26 सप्टेंबरला ते हाती आले. कर्ज फेडणे आणि आरसीवरचा बोजा उतरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्वतः बँकेत काम करणाऱ्या माणसाकडूनही निसटू शकते. त्याच वेळी गाडीवर वेगमर्यादेचे दोन ई-चलन थकीत दिसले, ते त्यांनी तत्काळ भरले. वाट पाहण्याच्या या दिवसांत माझी चलबिचल फार झाली, दर दोन दिवसांनी मी दुसऱ्या गाड्या पाहू लागे. बहीण मात्र शांत होती.

पितृपक्षात गाडी घरी आणायची नाही, असे आईने आधीच बजावले होते. कागदांमुळे तसेही शक्य नव्हते. 2 ऑक्टोबरला दसरा होता. त्या दिवशी गांधी जयंतीमुळे बँका बंद असल्या तरी पैसे ऑनलाइन पाठवता येतात, फक्त नवे खाते जोडल्यावर पहिले काही तास मोठी रक्कम जात नाही, म्हणून मालकांचे खाते मी दोन दिवस आधीच जोडून ठेवले होते. संपूर्ण रक्कम बँकेतूनच दिली. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि नोंदीचा पुरावा दोन्ही बाजूंना हवाच असतो. ताबा घेताना ताबापत्रावर तारखेबरोबर वेळही लिहिली, सायंकाळी 5.40. त्या क्षणानंतरचा दंड किंवा अपघात आमच्याकडे, त्याआधीचा त्यांच्याकडे. दोन्ही चाव्या, आरसी, विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र), सर्व्हिस बुक आणि गाडी विकल्याची सूचना देणारा, सह्या केलेला नमुना 29 त्यांनी एका पाकिटात घालून दिला.

पुढचा टप्पा लांबवू नये. कायद्यानुसार त्याच राज्यात विकलेल्या गाडीची सूचना विक्रेत्याने 14 दिवसांत आणि खरेदीदाराने 30 दिवसांत द्यायची असते. नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे ही घाई विकणाऱ्याच्याही हिताची आहे. मी 3 ऑक्टोबरला वाहन पोर्टलवर नाव हस्तांतरण आणि बोजा उतरवणे यांचे अर्ज एकत्र भरायला बसलो, तर ओटीपी मालकांच्या बंद पडलेल्या जुन्या क्रमांकावर जात होता. चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि नोंदणीची तारीख देऊन मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा लागला, त्यात एक दिवस गेला. टोकन देण्यापूर्वीच हा क्रमांक चालू आहे का, हे विचारून घेतले असते तर बरे झाले असते.

एजंटने या कामाचे 5,000 रुपये सांगितले होते. मी ते स्वतः केले, कारण प्रत्येक कागद काय आहे हे मला समजून घ्यायचे होते. ज्यांना कामावरून रजा मिळत नाही त्यांनी एजंट करण्यात कमीपणा मानू नये, फक्त पोर्टलवरचा अर्ज क्रमांक स्वतःजवळ ठेवावा. 7 ऑक्टोबरला मी, बहीण आणि जुने मालक असे तिघेही आरटीओ कार्यालयात गेलो. नमुना 29 च्या दोन प्रती, नमुना 30, नमुना 35, बँकेचे पत्र, मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे, पॅन, छायाचित्रे आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा असा गठ्ठा होता. खिडकीवर सर्व तपासले गेले आणि बहिणीची सही पॅनवरच्या सहीशी जुळत नाही म्हणून अर्ज परत आला. पॅन तिच्या लग्नाआधीचे होते, सही जुन्या आडनावाची होती. चूक आमचीच. तिचा चेहरा एवढासा झाला होता, शाळेतली अर्धी रजा वाया गेली म्हणून. राजपत्रातील नावबदलाची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडून 9 ऑक्टोबरला पुन्हा अर्ज दिला आणि तो स्वीकारला गेला. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणीला किंवा मुलीला गाडी देणार असाल, तर आधार, पॅन आणि परवाना यांवरची नावे शेजारी ठेवून आधीच पाहा.

विम्याचे काम मी समांतर सुरू केले होते. गाडी विकल्यावर विमा आपोआप नव्या मालकाला पूर्णपणे लागू होतो, हा समज अपुरा आहे. तृतीय पक्षाचे संरक्षण सोबत जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई मिळण्यासाठी 14 दिवसांत पॉलिसी नव्या नावावर करून घ्यावी लागते. शिवाय दावा न केल्याबद्दलची सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, गाडीची नसते, माणसाची असते. ती जुन्या मालकांकडेच राहते आणि पॉलिसीच्या उरलेल्या काळासाठी फरक भरावा लागतो. आम्हाला बदलाच्या शुल्कासह 2,350 रुपये भरावे लागले.

17 ऑक्टोबरला सायंकाळी शाळा सुटण्याच्या सुमारास बहिणीच्या मोबाइलवर संदेश आला. डिजिलॉकरमध्ये गाडी तिच्या नावावर दिसत होती, बँकेचे नाव गेलेले होते, मालक क्रमांक दोन.

दरम्यान टायर, बॅटरी, तेल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून झाले होते. आधीच्या मालकाने नुकतेच बदलले असे सांगितले तरी ब्रेक ऑइल बदलून घ्यावे, त्याची किंमत फार नसते आणि घाटात त्याचेच काम असते. पेट्रोलच्या रबरी नळ्याही मेस्त्रींनी पाहून घेतल्या. तिच्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षकांकडे सहा तास लावले, तेही तिच्याच गाडीवर आणि तिच्याच शाळेच्या रस्त्यावर. पहिल्या दिवशी चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी दोनदा मागे आली आणि ती घाबरली. चौथ्या दिवशी हँडब्रेक लावून निघणे तिला जमले.

एकूण खर्च लिहून ठेवतो. गाडी 3,38,000, मेस्त्रींचे तीन गाड्यांच्या तपासणीचे 2,400, स्कॅनर 1,000, चार टायर 15,200, बॅटरी 4,300, सर्व्हिस 6,100, विमा 2,350, शासकीय शुल्क, टपाल, प्रतिज्ञापत्र आणि झेरॉक्स मिळून 1,430, आणि शिकवणीचे 3,000. बेरीज 3,73,780 रुपये.

23 ऑक्टोबरला भाऊबीज होती. दरवर्षी मी तिच्याकडे जातो, या वर्षी तिने मला येऊ दिले नाही. सकाळी साडेदहा वाजता ती भाच्याला मागे बसवून स्वतः गाडी चालवत आमच्या दारात आली, घाट उतरून. आईने गाडीला ओवाळले, मग तिने मला ओवाळले. मी ताटात ठेवायला दुसरी चावी जपून ठेवली होती, ती दिली.

आरसीचे स्मार्ट कार्ड 8 नोव्हेंबरला टपालाने तिच्या पत्त्यावर आले. तिने त्याचे छायाचित्र पाठवले आणि खाली लिहिले, “दादा, नाव बरोबर आहे, तपासलं.” मीही चेसिस क्रमांक पुन्हा एकदा लावून पाहिला. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर ती रोज गाडीनेच जाते, आणि घाट ओलांडला की मला एक मिस्ड कॉल देते.